नकाराचं मत कुठे मोजलं जातं?

(मंडळाच्या मासिक व्याख्यानात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर आपण मोठमोठ्या विद्वानांना ऐकलं आहे. आम्ही पडलो पदविकावाले उपयंत्री. रस्ता, नाली, पुलिया यांची मापं घेणं हा आमचा धंदा. पण दर दोन-अडीच वर्षांनी कोणती ना कोणती निवडणूक येते आणि सरकार आम्हाला आमच्या खात्यातून उचलून मतदान केंद्रावर बसवतं. शिक्षक, पटवारी, बाबू, उपयंत्री, सगळे एका बसमध्ये. नेहरू स्टेडियमवर रांगेत उभं राहून यंत्रं घ्यायची, पावत्यांवर सह्या करायच्या, कुठल्या तरी शाळेत सतरंजीवर रात्र काढायची आणि पहाटे साडेपाचला मॉक पोलची तयारी करायची. म्हणून आज 'आम्ही' म्हणताना एकट्याबद्दल बोलत नाही. ही सगळी मतदान दलंच त्या 'आम्ही'मध्ये धरा. आणि हेही आधीच सांगून ठेवतो की आम्ही सरकारी नोकर. कोणाला मत द्यावं किंवा देऊ नये याबद्दल आमच्या तोंडून अवाक्षर निघणार नाही. तशी अपेक्षा घेऊन आलेल्यांनी चहापर्यंत कळ काढावी.

१३ मे २०२४ ला आपल्या इंदूर लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. त्या दिवशी केंद्रांवर आम्हाला एक प्रश्न अनेकांनी विचारला. कोणी हळूच, कोणी मोठ्याने. यंत्रावरच्या शेवटच्या बटणाबद्दल. "साहब, इसको दबाने से होगा क्या?" केंद्रावर बसलेला माणूस याचं उत्तर देऊ शकत नाही. बटण कसं दाबायचं ते दाखवता येतं, दाबून काय होईल ते सांगणं आमच्या कामात बसत नाही. इथे यंत्रही नाही आणि एजंटही नाहीत, तेव्हा तो प्रश्न आज घेऊ.

झालं काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. २९ एप्रिल हा अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. दुसरा उमेदवार देण्याची मुदत संपलेली. रिंगणात चौदा जण उरले, पण ज्याला आपण लढत म्हणतो ती उरली नाही. मग काँग्रेसने मतदारांना 'नोटा' दाबण्याचं आवाहन केलं. दुसरीकडे मतदान वाढावं म्हणून छप्पन दुकानवाल्यांनी सकाळी लवकर मत देणाऱ्यांना फुकट पोहे-जलेबी ठेवली. (पोहे-जलेबीला कोणत्याही पक्षाचा विरोध नव्हता, हे आपल्या शहराचं वैशिष्ट्य.) निकाल लागला तेव्हा भाजपचे शंकर लालवाणी यांना १२,२६,७५१ मतं होती. दुसऱ्या क्रमांकावर 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा: २,१८,६७४. माणसांमध्ये दुसरा आलेला बसपचा उमेदवार ५१,६५९ वर. मताधिक्य ११,७५,०९२. नोटाचा आधीचा देशातला सर्वांत मोठा आकडा २०१९ मध्ये बिहारच्या गोपालगंजचा होता, ५१,६६०. आपला आकडा त्याच्या चौपटीहून अधिक ठरला.

आता गंमत पाहा. त्याच इंदुरात पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, नोटाला पाच हजारांच्या आसपास मतं होती. मग पाच वर्षांत इंदूरकर चाळीसपट नाराज झाले का? तसं काही नाही. २०१९ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराला ५,२०,८१५ मतं पडली होती. म्हणजे विजयी उमेदवार नको असलेल्यांना बसायला एक जागा होती. २०२४ मध्ये ती जागाच उचलून नेली. काही जण शेवटच्या बटणाकडे गेले, काही इतरत्र गेले, आणि बरेच घरीच बसले. मतदानही २०१९ च्या मानाने घसरलं. आमचं म्हणणं एवढंच आहे की नकार हा माणसाच्या मनात आधीपासून असतो. तो कागदावर कोणत्या रूपात उतरेल हे मतदार ठरवत नाही. मतपत्रिकेवर कोणत्या जागा आहेत आणि मोजणीचा नियम काय आहे, त्यावर ते ठरतं.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा ज्याला कोणीच नको असेल तो कोरी चिठ्ठी पेटीत टाकायचा, किंवा सगळ्यांवर शिक्का मारायचा. मोजणीच्या टेबलावर बसलेले आमचे ज्येष्ठ सहकारी सांगतात, काही चिठ्ठ्यांवर तर मतदाराने आपलं मनोगतच लिहिलेलं असायचं, आणि ते इथे वाचून दाखवण्यासारखं नसायचं. या सगळ्या चिठ्ठ्या 'अवैध' म्हणून बाजूला जायच्या. अडाण्याची चूक आणि शहाण्याचा राग एकाच गठ्ठ्यात. पण एक होतं, ते कोणी केलं हे कोणालाच कळत नव्हतं.

मग यंत्र आलं. २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रावर झाली. यंत्राचे फायदे आम्ही जाणतो. पेट्या उपसून रात्रभर चिठ्ठ्या मोजणं काय असतं ते ज्यांनी केलं त्यांना विचारा. पण यंत्रावर कोरं मत देता येत नाही. आत गेलात तर कोणाचं तरी बटण दाबायचंच. कोणीही लक्षात न घेता मतदाराच्या हातातून एक मूक सोय निघून गेली. नियमात वाट होती, १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-ओ. आपलं नाव १७-ए च्या रजिस्टरमध्ये चढलं, सही झाली, आणि मग आपल्याला मत द्यायचं नसेल, तर तसं पीठासीन अधिकाऱ्याला सांगायचं. (महाराष्ट्रात ज्याला केंद्राध्यक्ष म्हणतात तो आमच्याकडे पीठासीन अधिकारी.) त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं आणि मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा.

हे प्रत्यक्षात कसं दिसायचं ते सांगतो. २००९ ची लोकसभा, एक लहानसं गाव, दुपारची वेळ. एक निवृत्त मास्तर आले, शाई लावून घेतली आणि म्हणाले, "मला कोणालाच मत द्यायचं नाही. तसं लिहून घ्या." आमच्या दलातल्या दोघांनी हा नियम फक्त प्रशिक्षणात ऐकला होता. पुस्तिका काढली, नियम शोधला, शेरा लिहिला, सही घेतली. तेवढ्या पाच मिनिटांत रांग थांबलेली आणि बाकावरचे सगळे एजंट वळून बघताहेत. मास्तर बाहेर पडत असताना एक एजंट म्हणाला, "मास्साब, हमसे क्या नाराज़गी हो गई?" लगेच दुसरा म्हणाला, "नाराज़गी तो हमसे होगी." दोघांनाही तो आपलाच अपमान वाटला. संध्याकाळी यंत्र सील करेपर्यंत गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं की मास्तरांनी कोणालाच मत दिलं नाही. मत गुप्त आणि नकार मात्र जाहीर, असा तो नियम होता.

याच मुद्द्यावर पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. निकाल लागायला नऊ वर्षं लागली. २७ सप्टेंबर २०१३ ला सरन्यायाधीश सदाशिवम यांच्या पीठाने सांगितलं की नकार देणाऱ्यालाही गुप्ततेचा तितकाच हक्क आहे; यंत्रावर त्यासाठी वेगळं बटण द्या. अवघ्या दोन महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या विधानसभा निवडणुकांत, हे बटण पहिल्यांदा वापरलं गेलं. पाच राज्यं होती आणि त्यात आपला मध्य प्रदेश होता. तेव्हा नोटाला चिन्ह नव्हतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केलेलं, मतपत्रिकेवर काळी फुली असलेलं चिन्ह २०१५ मध्ये आलं. जाता जाता आमच्या कामातली एक गोष्ट. बॅलट युनिटवर सोळा जागा असतात. उमेदवार बरोबर सोळा असले तर केवळ नोटासाठी दुसरं युनिट जोडावं लागतं. रिकाम्या पंधरा जागांचं ते अवजड खोकं उन्हातान्हातून वाहून नेताना आमच्या शिपायाने नोटाबद्दल जे मत व्यक्त केलं तेही गुप्तच ठेवलेलं बरं.

तर न्यायालयाने मास्तरांची लाज राखली. पण बटणात ताकद किती भरली? "दबाने से होगा क्या" याचं कायदेशीर उत्तर आहे: निकालावर काहीही होत नाही. निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच खुलासा केला की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं तोच निवडून येईल. समजा एका मतदारसंघात एक लाख मतं पडली, त्यातली नव्वद हजार नोटाला आणि चार हजार सर्वांत पुढच्या उमेदवाराला. चार हजारवाला आमदार. अनामत रक्कम वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. त्या हिशोबातही नोटा धरत नाहीत. इंदुरात विजयी उमेदवार सोडून बाकी तेराही जणांच्या अनामती गेल्या. आणि नोटा हा खरोखर उमेदवार असता तर? मतं १४ टक्के, लागतात साडेसोळाहून जास्त. देशातला विक्रम करून त्याचीही अनामत जप्त झाली असती.

इथे कोणी म्हणेल, मग हे बटण म्हणजे देवळातली घंटा, वाजवली की आपल्याला बरं वाटतं. आम्ही तितकं कठोर म्हणणार नाही. पण नकाराचं मत म्हणजे फक्त नोटा, ही समजूत आधी बाजूला ठेवू. या देशात रोज जी नकाराची मतं पडतात त्यातली बहुतेक नोटाला पडतच नाहीत. ती एखाद्या उमेदवाराच्या नावावर पडतात.

आपल्या मंडळाच्या सहलीचं उदाहरण घेऊ. समजा शंभर सभासद आणि तीन ठिकाणं: महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर. महेश्वरला चाळीस हात वर झाले, मांडूला पस्तीस, ओंकारेश्वरला पंचवीस. आपल्या निवडणुकीच्या नियमाने बस महेश्वरला. पण त्या साठ जणांना समजा महेश्वर अजिबात नको होतं, दर वर्षी तेच म्हणून. साठांचा नकार चाळिसांच्या होकारापुढे हरला, कारण तो दोन गठ्ठ्यांत विभागला गेला. पुढच्या वर्षी काय होईल? ओंकारेश्वरवाल्या पंचवीस जणांकडे मांडूवाले येतील आणि म्हणतील, "काका, ओंकारेश्वर काही होत नाही. मत वाया घालवू नका. महेश्वर टाळायचं असेल तर मांडूला हात वर करा." आणि ते करतील. मांडूला साठ हात. अहवालात लिहिलं जाईल, 'मांडूला सभासदांची प्रचंड पसंती.' त्यातले पंचवीस जण ओंकारेश्वरच्या पायऱ्या आठवत मांडूच्या बसमध्ये बसलेले असतील.

मोरिस दुव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्ये हे नीट मांडलं. जिथे एका जागेसाठी सर्वांत जास्त मतं मिळवणारा जिंकतो, तिथे तिसऱ्याकडे जाणारी मतं हळूहळू पहिल्या दोघांकडे सरकतात आणि लढत दोघांतच उरते. आपल्या देशभर दोनच पक्ष उरले नाहीत, पण एकेका मतदारसंघात पाहिलंत तर बहुतेक ठिकाणी खरी झुंज दोघांचीच असते. आपल्या राज्यात तर राज्यभरच. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत आपल्या घरांत कोणती भाषा असते? "कोण आला पाहिजे" यापेक्षा "कोण येता कामा नये". महाराष्ट्रात 'पाडायचं' हा शब्द निवडणुकीच्या बोलण्यात 'निवडायचं'पेक्षा जास्त ऐकू येतो. ही मतदाराची वाईट सवय नव्हे. दिलेल्या नियमात तो शहाणपणानेच वागतो आहे.

आणि नियम किती काटेकोर फळं देतो याचं उदाहरण आपल्या जवळच, ग्वाल्हेरला. २०१८ च्या विधानसभेत ग्वाल्हेर दक्षिणेची जागा १२१ मतांनी ठरली. तिथे नोटाची मतं दीड हजारांच्या घरात होती. निकालानंतर जो तो म्हणाला, "नोटामुळे हरले." आम्हाला हे पटत नाही. नोटा दाबणारा दुसऱ्या क्रमांकालाच मत देणार होता हे कशावरून? कदाचित तो पहिल्यालाच देणार होता, कदाचित घरातच बसणार होता. खरा धडा त्या निवडणुकीत दुसरीकडे होता. सबंध राज्यात भाजपला काँग्रेसपेक्षा किंचित जास्त मतं पडली आणि जागा कमी आल्या, १०९ विरुद्ध ११४. मतं राज्यभर मोजत नाहीत, २३० वेगवेगळ्या खोल्यांत मोजतात. तुमचं मत कुठल्या खोलीत पडलं त्यावर त्याचं वजन.

इतर देशांत हाच नकार वेगळ्या कपड्यांत दिसतो. फ्रान्समध्ये अध्यक्षाची निवडणूक दोन फेऱ्यांत होते. २००२ मध्ये पहिल्या फेरीत झाक शिराक यांना १९.८८ टक्के, उजव्या टोकाचे ल पेन यांना १६.८६ आणि समाजवादी जॉस्पँ यांना १६.१८ टक्के. जॉस्पँ बाद. दुसऱ्या फेरीत शिराक यांना किती? ८२.२१ टक्के. दोन आठवड्यांत शिराक देवमाणूस झाले नव्हते. जन्मभर त्यांना विरोध केलेले डावे लोक ल पेन नकोत म्हणून रांगेत उभे राहिले. नाकाला चिमटा लावून जाऊ, अशी भाषा काहींनी केली होती. आता २००२ चं फ्रान्स आणि २०२४ चं इंदूर शेजारी ठेवा. तिथे नकार होकाराच्या खात्यात जमा झाला आणि ८२ टक्क्यांत विरघळून गेला. इथे निदान तो वेगळ्या ओळीत छापला गेला.

ऑस्ट्रेलियात मतदार एकच खूण करत नाही, पसंतीचे क्रमांक लिहितो: एक, दोन, तीन. तिथे नकाराला स्वतःची जागा आहे, ती म्हणजे शेवटचा क्रमांक. १९९८ मध्ये क्वीन्सलँडच्या ब्लेअर मतदारसंघात पॉलीन हॅन्सन यांना पहिल्या पसंतीची सुमारे ३६ टक्के मतं होती, सर्वांच्या पुढे. आपल्या नियमाने त्या खासदार झाल्या असत्या. पण मोठ्या पक्षांनी आपल्या मतदारांना त्यांचं नाव शेवटी लिहायला सांगितलं होतं. एकेक उमेदवार बाद होत गेला, त्यांची मतं पुढच्या पसंतीकडे गेली, आणि पहिल्या मोजणीत तिसरा असलेला लिबरल उमेदवार जिंकला. सहलीच्या उदाहरणात मांडू जिंकलं असतं ते असं, आणि ओंकारेश्वरवाल्यांना आपला पहिला क्रमांकही सोडावा लागला नसता. हे चांगलं की वाईट? ज्यांच्याकडे ३६ टक्के होते त्यांना हा अन्याय वाटणारच. आम्हाला मात्र हा नियम प्रामाणिक वाटतो. त्यात मतदाराला आपलं खरं मन लपवावं लागत नाही.

पण परदेशात कशाला जायचं? नकाराच्या मताला दात असतील तर काय होतं याचं ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडलं आहे, आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. मध्य प्रदेशच्या नगरपालिका कायद्यात कलम ४७ आहे, निवडून दिलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्याचं. आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांनी सह्या करून जिल्हाधिकाऱ्याकडे प्रस्ताव द्यायचा आणि मग थेट लोकांचं मतदान. त्या मतपत्रिकेवर उमेदवारच नसतो. दोन चित्रं असतात, 'भरी कुर्सी' आणि 'खाली कुर्सी'. अध्यक्ष राहावा असं वाटत असेल तर भरलेल्या खुर्चीवर शिक्का, जावा असं वाटत असेल तर रिकाम्या. या शतकाच्या सुरुवातीलाच अनूपपूरच्या मतदारांनी रिकामी खुर्ची निवडली आणि अध्यक्षपद खरोखरच रिकामं झालं.

आमच्या मते ही दोन चित्रं कोणत्याही भाषणापेक्षा जास्त सांगतात. नोटावरही चित्र आहे, पण ते मतपत्रिकेवरच्या फुलीचं. खुर्चीला ती हात लावत नाही. अर्थात खुर्चीच्या खेळातही गडबड होतीच. प्रस्ताव सुरू करायची किल्ली नगरसेवकांच्या हातात, मतदाराच्या नव्हे. त्यामुळे लोकांचा राग आणि नगरसेवकांची रस्सीखेच यांची सरमिसळ व्हायची. तरी मत टाकणाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट होती, आपण शिक्का मारला तर काय होईल.

आता इंदूरसारखाच, पण उलटा प्रसंग. २०२४ मध्येच सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला, उरलेल्या इतरांनी अर्ज मागे घेतले, आणि २२ एप्रिलला भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. मतदानच झालं नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५३ सांगतं की जागा एक आणि उमेदवार एक असेल तर त्याला निवडून आल्याचं जाहीर करायचं. सुरतेत आपली मराठी मंडळी किती आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. अनेकांचे नातेवाईकच तिथे आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही होकार नाही, नकार नाही, साधं केंद्रावर जायलाही मिळालं नाही. इंदुरात एखादा अपक्ष जरी टिकला तरी यंत्रं लागतात आणि शेवटचं बटण जिवंत होतं. सुरतेत एकही टिकला नाही, तर बटणच नाही. दोन लाख अठरा हजारांचा विक्रम होणं आणि शून्य होणं यांत अंतर फक्त एका उमेदवारी अर्जाचं. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. एकच उमेदवार असला तरी त्याला नोटाशी लढायला लावावं, ही त्यातली कल्पना आम्हाला अगदी रास्त वाटते. सुधारणा करायचीच तर पहिली ही करावी, कारण यात कोणाचा निवडून येण्याचा हक्क जात नाही, फक्त मतदाराला विचारलं जातं.

नोटाला जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी का, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तसा आदेश काढला. हरियाणाने त्याच महिन्यात एक पाऊल पुढे टाकलं. नोटापेक्षा कमी मतं मिळालेले उमेदवार फेरनिवडणुकीत उभे राहू शकणार नाहीत, असंही ठरवलं. लोकसभा-विधानसभेला हे लागू नाही. महाराष्ट्रात विधानसभेला नोटा दुसऱ्या क्रमांकावर आली ती २०१९ मध्ये लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगावला. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीतही प्रमुख प्रतिस्पर्ध्याने अर्ज मागे घेतला आणि नोटा १२,८०६ मतं घेऊन दुसरी आली. तिन्ही ठिकाणी पहिला उमेदवार फार पुढे होता. पुन्हा तेच: समोर तगडा प्रतिस्पर्धी नसला की नोटा फुगते.

फेरनिवडणुकीबद्दल आमच्यात एकमत नाही, ते सांगितलं पाहिजे. आमच्यातले शिक्षक म्हणतात, जरूर घ्या. पटवारी म्हणतात, पुन्हा दोन रात्री सतरंजीवर कोण झोपणार? चेष्टेचा भाग सोडला तरी एक भीती खरी आहे. नोटाच्या मागे पैसा आणि संघटना उभी राहिली तर तोही एक पक्षच होईल. इंदुरातल्या दोन लाख अठरा हजारांमध्ये स्वतःच्या मनाने गेलेले किती आणि आवाहनावरून गेलेले किती हे कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. हरियाणाचं उमेदवाराला बाद करणं आम्हाला जास्त वाटतं. नगर परिषदेच्या पातळीवर महाराष्ट्राचा प्रयोग मात्र आपल्याकडेही करून पाहायला हरकत नाही. जिथे उमेदवार गल्लीतला असतो तिथे नकाराचा अर्थही गल्लीतल्या लोकांना कळतो.

देशभरात नोटाची मतं २०१४ पासून प्रत्येक लोकसभेत साठ लाखांच्या वर आहेत, टक्केवारीत साधारण एक. इंदुरातलं १४ टक्के त्यात अपवादच. म्हणून "नोटाचा काही उपयोग नाही, घरीच बसलेलं बरं" असं जे आपल्याच घरांत बोललं जातं, त्यावर आमच्या रजिस्टरच्या बाजूने एवढं सांगतो. घरी बसलेल्याची नोंद कुठेच होत नाही. तो नाराज होता, आजारी होता, पुण्याला मुलाकडे गेला होता की झोपला होता, यादीवर सगळं सारखंच दिसतं. नोटावाल्याची नोंद निदान होते. ती निकाल बदलत नाही, पण पुढच्या वेळी तिकीट वाटणारे त्या आकड्याकडे बघतात. आम्ही मोजणीच्या टेबलावर त्यांच्या प्रतिनिधींना तो उतरवून घेताना पाहिलं आहे.

वेळ संपत आली. दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत, त्यांची उत्तरं देतो.

पहिला प्रश्न एका काकूंचा आहे: "नोटा दाबलं तर ते कोणाला कळतं का?" काकू, आपलं एकटीचं कळत नाही. शाई आणि सही यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होते, आणि ती सगळ्यांची सारखीच. व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते ती फक्त आपल्याला. मात्र केंद्रनिहाय आकडा फॉर्म २० मध्ये छापला जातो. आपल्या शाळेतल्या केंद्रावर एकूण किती जणांनी नोटा दाबलं हे कोणालाही पाहता येतं. जरूर पाहा. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिलंत तर करमणूकही होईल.

दुसरा: "आम्ही रामबागेतलं घर सोडून बिचोलीला राहायला गेलो, नाव अजून जुन्याच यादीत आहे, काय करावं?" यासाठी फॉर्म ८ भरायचा. बीएलओकडे मिळतो, मोबाइलवरही भरता येतो. नवीन पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका, त्या वेळी आमचे बीएलओ फोन उचलत नाहीत. पावसाळ्यात त्यांना वेळ असतो.